जबडा दुखतोय, असं तू सांगितलं होतंस

मंगल, चौकातल्या फ्लेक्सवर तुझा जो फोटो लावलाय, तो मला अजिबात आवडलेला नाही. कुणाच्या तरी लग्नातला आहे. पैठणी, नथ, केस चापूनचोपून बसवलेले, आणि चेहरा असा, की कुणीतरी आत्ताच ‘हसा’ म्हणालंय आणि तुला हसायचं नाहीये. शाळेच्या मैदानावरची, गळ्यात शिट्टी अडकवलेली, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फिरणारी तू त्यात कुठंच नाहीस. खाली लिहिलंय, ‘आदर्श शिक्षिका, समाजसेविका, प्रेमळ मातोश्री’. ज्या कामासाठी तू इतकी वर्षं लोकांचे टोमणे खाल्लेस, त्याबद्दल एक अक्षर नाही. दुकानात जायला मला त्याच चौकातून जावं लागतं, आणि रोज माझं डोकं फिरतं.

तू गेल्यापासून सगळे मला रडायला सांगतायत. ‘रडून घे गं प्रभा, मोकळी होशील.’ मला मोकळं व्हायचं नाही. रडू येतं तेव्हा मी रडते, पण त्याच्या आधी राग येतो आणि तो बराच वेळ जात नाही. त्या डॉक्टरचा येतो, तुझ्या दिराचा येतो, भाजीच्या गाडीपाशी कुजबुजणाऱ्या बायांचा येतो. तुझाही येतो. त्यातला कुठला आधी लिहू हेच मला कळेना, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

गुलमंडीच्या बोळातलं माझं फॉल-पिकोचं दुकान. तू कवायतीच्या पोरींसाठी रिबिनी घ्यायला आली होतीस. ‘लाल दाखवा’ म्हणता म्हणता पायरीवर बसलीस. हात बर्फासारखे गार, श्वास लागलेला, डोळे भलतेच मोठे झालेले. मी घाबरून शेजारच्या पोराला लिंबूपाणी आणायला पळवलं. तू मला म्हणालीस, “घाबरू नका वहिनी, मरत नाय मी. हे येतं अन् जातं. तुम्ही तवर रिबिनी कापा.” आणि खरंच, थोड्या वेळानं पदर झटकून उठलीस आणि लाल रंग फिका आहे म्हणून माझ्याशी भांडलीस. देवगाव रंगारीच्या बाईशी भांडून जिंकता येत नाही हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

त्या येण्याजाण्याला काय म्हणतात हे तूच मला पुढं सांगितलंस. घबराटीचे झटके. तू त्यावर गोळी घेत होतीस, रोज सकाळी, चहाच्या आधी. मला तोवर वाटायचं की मनाचा आजार म्हणजे रस्त्यानं बडबडत जाणारी, कपड्यांचं भान नसलेली माणसं. पोरींना कवायत शिकवणारी, मुख्याध्यापकांना गप्प बसवणारी बाईसुद्धा मनाची गोळी घेते, हे मला पहिल्यांदा तुझ्याकडं बघून समजलं.

आता पापडांचं. हे फ्लेक्सवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते. उन्हाळ्यात आपल्याकडं घरोघरी पापड, कुरडया, खारोड्या होतात, आणि ते एकटीचं काम नसतं. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, पोळपाट-लाटणं जिचं तिनं घरून घेऊन जायचं. हे आपण सगळ्याजणी लहानपणापासून करत आलोय. पण तुला त्यात जे दिसलं, ते आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं. बाईला समोर बसवून ‘कशी आहेस’ विचारलं की ती ‘बरी आहे’ म्हणते आणि चहा टाकायला उठते. तिच्या हातात लाटणं असलं, तिची मान खाली असली आणि शेजारणीचीही मान खाली असली, की ती आपली आपण बोलायला लागते.

मग तू नियम केलेस. बोलणारीकडं कुणी बघायचं नाही. हात थांबवायचे नाहीत. ‘अगं बाई गं’ म्हणायचं नाही. सल्ला तर मुळीच द्यायचा नाही, जी देईल तिनं सगळ्यांचा चहा करायचा. पहिल्या उन्हाळ्यात कांताबाईंनी जवळजवळ रोज चहा केला.

पापड संपले तरी तू आम्हाला सोडलं नाहीस. दर गुरुवारी दुपारी माझ्या गच्चीवर बैठक, आणि प्रत्येकीनं हाताला काम घेऊन यायचं. कुणी गहू निवडायला, कुणी शेंगा फोडायला, थंडीत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला. घरच्यांना वाटायचं आम्ही कामं उरकतोय, आणि ती उरकतही होती. माझा नवरा गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्यामुळं मी स्वतःला वाईट बाई समजत होते आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी गहू निवडता निवडता ते माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी मान वर केली नाही. तू फक्त माझ्या सुपात आणखी ओंजळभर गहू टाकलेस. त्यानंतर मला झोप लागायला लागली, मंगल. ह्याबद्दल मी तुला कधी काही म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तू चेष्टा केली असतीस.

सिंधूचंही तसंच. वाळूजच्या कंपनीत काम करणारी, हसरी, जरा जास्तच बडबडी पोर. बाळंतपणानंतर तिला लेकराचं रडणं ऐकू आलं की घर सोडून पळत सुटावंसं वाटायचं. उडदाचा पापड लाटत लाटत ती म्हणाली, “मला माझं लेकरू आवडत नाय.” गच्चीवर सगळ्यांची लाटणी चालू राहिली. शबानानं पिठाची एक लाटी गुपचूप तिच्या पोळपाटावर सरकवली, एवढंच. दुसऱ्या दिवशी तू शाळेतून अर्धी रजा टाकून तिला सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलीस. आज ते लेकरू तिच्या कडेवरून उतरत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं हे आपसूक झालं.

लासूर स्टेशनचं शिबिर आठवलं की मला अजून हसू येतं, आणि मागोमाग राग येतोच. बाजाराचा दिवस होता. डॉक्टर आणवलेले, टेबल मांडलेलं, आणि आयोजकांनी भलामोठा बॅनर लावलेला, ‘मोफत मनोरुग्ण तपासणी शिबिर’. लोक वाचायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. भर बाजारात, सगळ्या पाव्हण्यारावळ्यांच्या देखत त्या बॅनरखाली कोण शिरणार? दुपारपर्यंत एक माणूस आला, त्याला डोळ्याचं शिबिर वाटलं होतं. मग तू स्टुलावर चढून बॅनर उतरवलास, उलटा केलास, समोरच्या खताच्या दुकानातून मार्कर आणलास आणि लिहिलंस, ‘झोप लागत नाही? भूक मेली? कशात जीव लागत नाही? आत या.’ त्यानंतर डॉक्टरांना चहा प्यायला सवड झाली नाही.

मेंढरांमागं फिरणारे एक बाबा आले होते, काठी टेकून दारातच उभे राहिले. “बाई, मला काय बी झालं नाय. पर मेंढरामागं चालता चालता मी खाली बसतो, अन् मंग उठावंच वाटंना. मेंढरं पुढं निघून जात्यात. मी बघत राहतो.” तू खुर्ची सोडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसलीस आणि विचारलंस, “कधीपासून व्हतंय असं, बाबा?” त्यांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते बोलत राहिले, तू ऐकत राहिलीस आणि मग हाताला धरून त्यांना डॉक्टरांपाशी नेलंस. संध्याकाळी गावचे पुढारी फोटो काढायला आले आणि बॅनर उलटा दिसतोय म्हणून त्यांनी तो सुलटा करून घेतला. पेपरात तोच फोटो आला.

आपलं खरं भांडण समाजमंदिरातल्या त्या कार्यक्रमापासूनचं. मानसिक आरोग्य जागृतीचं व्याख्यान होतं. पाहुणे सांगत होते, ‘अशा लोकांना आपण समजून घेतलं पाहिजे, अशा लोकांकडे सहानुभूतीनं पाहिलं पाहिजे.’ तू मागं भिंतीला टेकून उभी होतीस. मध्येच म्हणालीस, “साहेब, अशा लोकांना म्हणजे मला. मी रोज गोळी घेते. मला समजून नंतर घ्या, आधी खुर्ची द्या, मघापासून उभी हाय मी.” सगळं सभागृह हसलं. पाहुणेही हसले. मी मात्र दारात कोण कोण ऐकतंय ते बघत होते.

परत येताना मी तुला रिक्षात झाडलं. काय गरज होती? गच्चीवर बाया बोलतात, त्यांना औषध मिळतं, त्या बऱ्या होतात, कुणाला कानोकान कळत नाही. ह्याहून जास्त काय पाहिजे? उद्या तुझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नाचं बघायचं, तेव्हा लोक हेच काढतील. तू म्हणालीस, “गच्चीवर बाया मावतात तरी किती गं? लपून बरं झालेलं माणूस कुणाला दिसत नाय. मंग दुसऱ्याला कसं कळावं, बरं व्हता येतं म्हणून?” मी म्हणाले, जग तुला वाटतं तेवढं चांगलं नाही. तू म्हणालीस, “मंग करू की.” रिक्षावाला आरशातून आपल्याकडं बघत होता. त्यालाही तू विचारलंस, “तुमाला झोप लागती का हो नीट?” पुढं त्यालाही तू सरकारी दवाखान्याची वाट दाखवलीस.

हे भांडण आपण मग वर्षानुवर्षं भांडलो. दुकानात, गच्चीवर, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला. मी म्हणायची झाकून ठेव, तू म्हणायचीस उघड बोल. ते कधी संपलं नाही आणि संपावं असं मला वाटलंही नव्हतं.

आता ती संध्याकाळ. ऋतुजाचा फोन आला म्हणून मी आले तर तू पलंगाच्या काठावर बसलेली, कपाळावर घाम, एक हात हनुवटीखाली. मी तुझे हात धरले. ते गरम होते. मी म्हणाले, आलाय का गं झटका? तू मान हलवलीस. “हे ते नाय, प्रभा. हे काहीतरी दुसरंच हाय.” दत्ताभाऊंनी तुला गाडीत घातलं. तुझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं मुखदुर्बळ म्हणत आले, पण त्या दिवशी त्यांनी एक क्षण दवडला नाही.

त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात. तरुण डॉक्टर होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यानं विचारलं, आधीपासून काही औषधं? दत्ताभाऊंनी खरं सांगितलं. तूच त्यांना शिकवलं होतंस, डॉक्टरपासून गोळ्या लपवायच्या नाहीत. ते म्हणाले, मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, बरीच वर्षं झाली. झालं. त्या वाक्यानंतर त्या डॉक्टरनं तुझ्याकडं बघितलं नाही. तू त्याच्या समोर बसलेली, आणि तो दत्ताभाऊंना विचारतोय, ‘घरात काही टेन्शन झालं का?’

तू म्हणालीस, “डॉक्टर, माझ्याशी बोला. मला माझा झटका ओळखू येतो. त्यात हात गार पडतात, श्वास लागतो. हे ते नाही. जबडा दुखतोय. पाठीत कुणीतरी पाय देऊन उभं आहे असं वाटतंय.” शाळेत बोलायचीस तसं, एकेक शब्द सुटा करून बोललीस, समोरच्याला कळावं म्हणून. तो म्हणाला, “मावशी, या आजारात असंच वाटतं. तुम्ही आधी शांत व्हा.” मी म्हणाले, एक ईसीजी तरी काढा. तो माझ्याकडं बघून हसला. “गरज वाटली तर काढूच की.” मशीन तिथंच भिंतीला लागून उभं होतं, वायरी गुंडाळून ठेवलेल्या. त्यानं तुला झोपेचं इंजेक्शन दिलं. तुझे डोळे मिटायला लागले, तेव्हा तो आम्हाला म्हणाला, ‘बघा, झाल्या की नाही शांत? न्या आता घरी.’

सकाळी ऋतुजा चहा घेऊन आली, तेव्हा तू गेलेली होतीस.

ईसीजी काढला असता तर तू वाचली असतीस का, मला माहीत नाही. कदाचित नसतीसही. पण वाचवायचा प्रयत्न झाला असता. तुझं दुखणं हृदयाचं आहे असं समजून चार माणसं धावली असती. तू शुद्धीवर असताना, स्पष्ट मराठीत, काय होतंय ते सांगितलं होतंस. एखाद्या बाईनं तीच तक्रार गोळ्यांचं नाव न घेता सांगितली असती, तर त्यानं ऐकलं असतं. ह्या एका गोष्टीचा मला इतका संताप येतो की दुकानात कात्री हातात धरवत नाही.

आणि मग तुझ्यामागं जे सुरू झालं ते. भाजीच्या गाडीपाशी तुझ्याच गल्लीतली एक बाई दुसरीला सांगत होती, “हार्ट अटॅक म्हणत्यात, पर खरं कारण येगळंच आसंल. गोळ्या चालू व्हत्या ना तिला. घेतल्या असतील सगळ्या एकदम.” मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाजीवाल्यानंच मला बाजूला घेऊन पाणी पाजलं.

ह्या कुजबुजीला भिऊनच तुझ्या दिरानं तो फ्लेक्स तसा छापला. भास्करभाऊ वाईट माणूस नाहीत, हे मी रागातसुद्धा लिहीन. त्या सगळ्या दिवसांत दूध, सरपण, भटजी, पाव्हण्यांची सोय, सगळं त्यांनी एकट्यानं धावून केलं. तेराव्याच्या आधी ते माझ्याकडं आले. “प्रभावहिनी, तुम्ही दोन शब्द बोला. फक्त ते गोळ्याबिळ्यांचं, बैठकीचं नको. ऋतुजाचं जमायचंय अजून.”

“मग मी काय बोलू, भाऊ?”

“प्रेमळ होती म्हणा. व्हती का नाय?”

“होती.”

“मंग झालं तर.”

ऋतुजा तिथंच तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. ती वर न बघता म्हणाली, “काका, माझं जमवायला आईलाच पुसून टाकताय व्हय?” भास्करभाऊ म्हणाले, “पोरी, तुझ्याच भल्यासाठी करतोय मी.” ती म्हणाली, “आई असती तर तुम्हाला शिट्टी मारून मैदानाबाहेर काढलं असतं.” दत्ताभाऊ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले आणि लगेच तोंड फिरवून खिडकीकडं गेले. फ्लेक्स तसाच लागला आणि तेराव्याला मी बोलायला उठले नाही. प्रेमळ होती एवढंच बोलून मी तुझा निरोप घेणार नव्हते.

पण मंगल, ह्या सगळ्यापेक्षा मला वाईट वाटलं ते त्यानंतरच्या गुरुवारी. मी गच्चीवर सतरंजी टाकली, तुरीच्या शेंगांचं टोपलं मधे ठेवलं. येणाऱ्यांतल्या निम्म्यासुद्धा आल्या नाहीत. ज्या आल्या त्या शेंगा सोलायला बसल्या. मग सिंधूनं हातातली शेंग टोपल्यात परत टाकली.

“खरं सांगू का? दत्ताभाऊंनी सांगितलं म्हणून ताई गेल्या. ते गप बसले असते तर त्या डॉक्टरनं मशीन लावलं असतं. मी तर आता कुठल्याच दवाखान्यात गोळ्यांचं सांगणार नाय. मेले तरी नाय.”

शबाना हळूच म्हणाली, “सच्ची बात है बाजी. हमकू बी डर लगता अब.” कांताबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी नुसती मान डोलावली.

मी काय बोलायला हवं होतं, तूच सांग. सिंधू चुकीचं बोलत नव्हती. न सांगण्यात धोका आहे हे मला कळतं. एका गोळीवर दुसरी चालत नाही, डॉक्टरला माहीत नसेल तर तो भलतंच लिहून देईल, हे तूच आम्हाला बजावलं होतंस. पण सांगितलं तर काय होतं हे त्या पोरींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्यांना कुठल्या तोंडानं म्हणणार होते की बिनधास्त सांगा, जग चांगलं आहे? हे तर मला स्वतःलाच कधी पटलेलं नव्हतं. आपल्या भांडणात माझी बाजू खरी ठरली, मंगल. झाकून ठेव म्हणत होते ना मी? तू मेलीस आणि मी जिंकले. असं जिंकण्याला मी काय करू? त्या दिवशी मला तुझा इतका राग आला, की तू समोर असतीस तर मी तुला गदागदा हलवलं असतं. उघड बोल म्हणत मिरवत होतीस ना, मग आता ये आणि ह्यांना उत्तर दे.

तू आली नाहीस. मी त्यांना म्हणाले, “मला माहीत नाही गं.” शेंगा अर्ध्याच सोलून झाल्या आणि त्या एकेक करून खाली उतरल्या. मी टोपल्यापाशी एकटीच बसून राहिले. तुझी इतक्या वर्षांची मेहनत त्या डॉक्टरनं एका इंजेक्शनात घालवली, असं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिंधूचा नवरा दुकानात आला. सिंधूच्या पोटात लई दुखतंय, कंपनीतून घरी धाडलंय तिला, ती म्हणते प्रभाताईला घेऊन या. मी दुकान जावेवर सोपवलं आणि निघाले. सिंधू उजवीकडं वाकून चालत होती, तोंड पांढरं पडलेलं. त्यांच्या घराजवळच्याच दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. तिनं माझं मनगट धरलं.

“ताई, त्यांनी इचारलं तर काय सांगू?”

मी म्हणाले, “तुझं तू ठरव. काय बी सांग. पण मी तुझ्या शेजारी उभी राहणार आहे, आणि तुला नीट तपासल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. पोलीस बोलावले तरी.” हे मी तिला धीर द्यायला बोलले नव्हते. मला खरोखर कुणाशी तरी भांडायचं होतं.

आत पन्नाशीचे डॉक्टर होते, दमलेले, बाहेर रांग लागलेली. कधीपासून दुखतं, उलटी झाली का, जेवलात काय, असं विचारत त्यांनी कागद ओढला. मग विचारलं, “दुसरी कसली औषधं चालू आहेत?”

सिंधूचा नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी सिंधूकडं बघितलं नाही. तू घालून दिलेला नियम होता, बोलणारीकडं बघायचं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, नको सांगूस पोरी, कशाला, मरू दे सगळं.

“व्हय, चालू हायेत,” सिंधू म्हणाली. “मनाच्या आजाराच्या हायेत. बाळंतपणानंतर सुरू झाल्या.”

डॉक्टर म्हणाले, “अच्छा.” तोच स्वर, मंगल. तोच. “मग जरा टेन्शन वगैरे...”

“थांबा डॉक्टर.” सिंधू पोट धरून खुर्चीतून अर्धी उठली. “आमची एक ताई व्हती. तिच्या नवऱ्यानं पण असंच खरं सांगितलं. ती म्हणाली जबडा दुखतोय, तर तिला टेन्शन हाय म्हणून घरी धाडलं. ती मेली. मी म्हणले व्हते, सांगणार नाय. पर सांगितलं तुमाला. आता माझं डोकं ऱ्हाऊ द्या. दुखतंय ते पोट हाय. आधी पोटाला हात लावा.”

बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून वाकून बघत होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. सिंधूनं त्यांच्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

मी दोन्ही हात टेबलावर टेकले. काय काय बोलायचं ते माझ्या जिभेवर तयार होतं. त्याची गरज पडली नाही. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. मग उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, तिला तपासायच्या टेबलावर झोपायला सांगितलं आणि तिच्या पोटाच्या उजव्या बाजूला दोन बोटं दाबली. सिंधू किंचाळली. त्यांनी लगेच फोन उचलला, अपेंडिक्स आहे म्हणाले, गाडी सांगितली. त्याच दिवशी तिचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे. तिच्या चिठ्ठीवर तिच्या गोळ्यांची नावंसुद्धा नीट लिहिलेली आहेत.

ती गाडीत बसल्यावर मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडले. लोक म्हणत होते, बाई, तुमची पेशंट बरी होईल, रडू नका. त्यांना काय सांगणार? त्या डॉक्टरांनी काही मोठं केलं नव्हतं गं. खुर्चीतून उठले, हात धुतले आणि जिथं दुखतं म्हणाली तिथं हात लावला. तुझ्या वेळी एवढंच करायचं होतं.